हंड्यावरची फळी

हे मी डाव्या हाताने लिहितो आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नयेत. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढीच शिल्लक आहेत. गावातले लोक तोंडावर काही म्हणत नाहीत, पण पाठ वळली की त्याला कुर्ल्याचा डेंगा, म्हणजे खेकड्याची नांगी, म्हणतात, ते मला ठाऊक आहे. म्हणोत बापडे. कुर्ल्याचं दोन बोटांत भागतं, माझंही भागतं.

लिहायचं कारण असं. गेल्या महिन्यात पलीकडच्या वाडीतल्या एका माणसाला करंट लागला. वाचला, पण हात भाजला. त्याची बायको माझ्याकडे आली आणि दारातच रडायला लागली. "भाऊ, तुमी ह्या सगळ्यातसून गेलात. आता फुडे काय काय होतला ता माका सांगा." मी तिला काय डोंबल सांगणार! इस्पितळातलं सांगितलं, औषधांचं सांगितलं, धीर दिला. पण जे सांगायला हवं होतं ते जिभेवर येईना. म्हणून बसून लिहितो.

आणि दुसरंही कारण आहे. आता घाटावरून तारा यायला लागल्या आहेत. वीज रात्रंदिवस राहणार म्हणतात. आमच्याकडची माणसं संध्याकाळच्या विजेवर वाढलेली. ती दिवसाच्या विजेने मरतील अशी मला धास्ती वाटते.

दिवसा तार म्हणजे दोरी

आमचं गाव मालवणच्या किनाऱ्यावर. मुंबईचं राज्य जाऊन महाराष्ट्र झाला, त्या सुमारास आमच्याकडे पावर हाऊस आलं. पावर हाऊस कसलं, पत्र्याची शेड आणि आत एक डिझेलचं इंजिन. इंजिनावर इनास आणि खांबांवर मी, असे आम्ही दोघे. इनास माझा शाळेपासूनचा दोस्त. एकाच मास्तरांचा मार खाऊन मोठे झालेलो. तो इंजिन चालवायचा आणि मुख्य स्विच टाकायचा. मी तारा ओढायचो, तुटलेल्या जोडायचो, घराघरांत दिवे बसवायचो.

वीज संध्याकाळी साडेसहाला यायची आणि रात्री अकराला जायची. दिवसा इंजिन बंद. दिवसा तारेत काही नाही. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की माडाची झावळ तारेवर पडली तर घरमालक काठी घेऊन स्वतःच ओढून काढायचा. मी खांबावर बसून तारेला टेकून विडी ओढायचो. खालून जाणारा हाक मारायचा, "काय जगन्नाथ, वर वारो बरो आसा?" मी म्हणायचो, "ये वर, तुका पण देतंय."

नियम मात्र होता. इंजिन बंद असो की चालू, माणूस खांबावर चढला की मुख्य स्विचच्या वर जो खिळा आहे त्याला एक फळी अडकवायची. हातभर लांबीची, सागाची, त्यावर लाल रंगात लिहिलेलं: "थांबा. माणूस खांबावर आहे." फळी लटकत असेल तर इनास स्विचला हात लावणार नाही. खिळा रिकामा असेल तर टाकेल. एवढं सोपं. शेंबड्या पोरालाही कळेल असं.

खाऱ्या वाऱ्याने त्या फळीच्या रंगाचे पोपडे निघाले म्हणून मी ती घरी आणली. छान रंगवली, चुलीजवळ सुकायला ठेवली. पारूला, म्हणजे माझ्या बायकोला, पाण्याच्या हंड्यावर झाकायला काहीतरी हवंच होतं. तिने ती हंड्यावर ठेवली. मी बघितलं आणि म्हटलं, राहू दे, उद्या नेतो. तो उद्या पाच महिने आला नाही. इनासने दोनदा विचारलंही, "फळी खंय रे?" मी म्हटलं, "रंग सुकता." दोघे हसलो.

चौथा खांब

शिमगा होऊन गेला होता. दुपारी जेवायला घरी चाललो होतो, तर किनाऱ्यावरच्या चौथ्या खांबावरची तार ती बांधायच्या चिनी मातीच्या कपातून सुटून लोंबताना दिसली. पावर हाऊस तिथून अर्धा मैल. जाऊन सांगायचं म्हणजे उन्हात जाऊन-येऊन एक मैल. दिवसाची वेळ. कोण जातोय! पिशवी खांद्याला होतीच. चढलो.

मला माहीत नव्हतं ते एवढंच की नवा बर्फाचा कारखाना सुरू होणार होता आणि त्याला दिवसाची वीज द्यायची होती. त्याची चाचणी आठवड्याने होती, पण कारखान्याच्या मॅनेजरांच्या मनात आलं, आजच बघू. त्यांनी इनासला जेवणावरून उठवून आणलं. इनासने इंजिन लावलं. स्विचकडे गेला. खिळा बघितला. रिकामा. स्विच टाकला.

समुद्राला भरती होती, गाजेत इंजिन ऐकू आलं नाही. मी उजव्या हाताने तार धरून कपाकडे ओढत होतो. पुढचं मी कोणाला नीट सांगू शकलेलो नाही. धक्का बसतो म्हणतात, धक्का वगैरे काही नाही. हाताने मला सोडूनच दिलं. मी त्याला सांगतोय सोड, सोड मेल्या, आणि मूठ आपली आणखी आवळत जातेय. ओरडायला जातोय तर दात एकमेकांत रुतलेले. कोणाचं तरी मांस जळतंय असा वास आला. ते माझं आहे हे कळायलाही वेळ लागला.

कमरेची दोरी मी खांबाला बांधली नव्हती. पाय घसरला, सगळं वजन खाली गेलं आणि मूठ तारेवरून उचकटली. पडलो तो वाळत टाकलेल्या जाळ्यांवर. दोरी नव्हती म्हणून वाचलो, असं म्हणून कोणी दोरी सोडू नये. मी जो वाचलो तो फुकट वाचलो. एरवी एक तर करंटने मेलो असतो नाहीतर पडून.

वाळूत पुरलेला

मासेमार रापणकर जवळच जाळी शिवत बसले होते. धावत आले. जीव लावणारी माणसं, त्यांच्याविषयी वाकडं बोलायचं नाही. पण त्यांच्यातला एक म्हातारा ओरडला, "पुरा रे तेका! अंगातली वीज जमिनीत उतारतली!" आणि चौघांनी मिळून ओल्या वाळूत खड्डा केला आणि मला गळ्यापर्यंत पुरलं. उजवा हातही पुरला. वर समुद्राचं पाणी ओतलं. मी शुद्धीवर आलो तेव्हा मला आकाश दिसत होतं आणि छातीवर मण मण वाळू. वाटलं, मेलो आणि घाईघाईत मला पुरलं पण!

कोणीतरी पळत जाऊन कळवलं होतं, इनास बोंबलत आला. "काढा रे तेका भायर! तेका श्वास घेवक देवा!" हातांनी वाळू उकरून त्याने मला काढलं. अंगात वीज साठून राहत नाही, ती येते आणि जाते. हे सगळ्यांनी एकदा नीट ऐकून ठेवा. करंट लागलेल्या माणसाला पुरू नका. आधी स्विच बंद करा, स्विच लांब असेल तर सुक्या लाकडाने तार दूर करा, आणि माणसाला मोकळी हवा द्या. माझ्या जखमेतली वाळू काढायला डॉक्टरांना तीन दिवस लागले, आणि त्या तीन दिवसांत मी कोणाकोणाच्या आईचा उद्धार केला ते इथे लिहीत नाही.

बर्फाच्या कारखान्याचा ट्रक होता. इनास माझ्या घरी धावत जाऊन पारूला घेऊन आला. कुडाळमार्गे सावंतवाडीला निघालो. रस्ताभर माझं डोकं पारूच्या मांडीवर, आणि इनास माझ्या पायाशी बसून एकच सांगत होता. "मी खिळो बघलंय रे, जग्या. रिकामो होतो. मी बघलंय." पारू पदराने माझ्या तोंडावरची वाळू पुसत होती. मला सगळं ऐकू येत होतं.

मनगटावरची रेघ

तळहात आणि मधली तीन बोटं काळी पडली होती. वाळल्या बांगडा माशासारखी कडक. गंमत म्हणजे ती दुखत नव्हती. दुखत होतं ते वरचं, मनगटापासून कोपरापर्यंत. मी डॉक्टरांना खुशीत सांगितलं, "बोटं मुळीच दुखत नाहीत हो."

डॉक्टर अबोल माणूस. चष्मा पुसत म्हणाले, "जे दुखतंय ते जिवंत आहे. जे दुखत नाही त्याचीच मला काळजी वाटते."

मग त्यांनी निळ्या शाईने माझ्या मनगटावर एक रेघ ओढली. म्हणाले, वीज आतून जाळत जाते, वरून किती गेलं ते लगेच कळत नाही. काळं या रेघेच्या अलीकडे थांबलं तर बोटांवर निभावेल. रेघ ओलांडली तर हात कोपराखाली काढावा लागेल. थांबून बघायचं, दुसरं काही करता येत नाही.

त्यानंतर माझा दिवस म्हणजे सकाळचं ड्रेसिंग. साडेसात वाजता ट्रॉलीची चाकं वाजायला लागली की मी डाव्या मुठीत चादर आवळायचो. दुखण्याची भीती होतीच, पण त्याहून जास्त भीती पट्टी सुटली की काय दिसेल याची. शेवटचा वेढा निघेपर्यंत मी छताकडे बघायचो. पारू रेघेकडे बघायची. मी तिच्या तोंडाकडे बघून ओळखायचो. पहिले तीन दिवस काळं रोज थोडं थोडं वर सरकलं. चौथ्या दिवशी काळं आणि रेघ यांच्यात एक बोट मावेल एवढीच जागा उरली होती.

त्याच दिवशी चौकशीला साहेब आले.

हो

साहेब सभ्य होते. खुर्ची ओढून बसले, तब्येत विचारली. आमच्याकडे कोणी साहेब आला की आपली भाषाही इस्त्री करून बसते, तशी माझीही बसली.

"तुम्ही खांबावर चढण्यापूर्वी मुख्य स्विचवर फळी लावली होती का?"

मी पट्टी बांधलेल्या हाताकडे बघितलं.

"घाबरू नका. तुमची चूक नसेल तर कंपनी तुम्हाला टाकणार नाही. बसून करायचं काही काम देईल."

एक बोट मावेल एवढी जागा. हात गेला तर वायरमन गेला. वायरमन गेला तर मी कोण? गावात दुसरं काय करणार, कोण ठेवणार? पारूला कुठे पाठवणार? हे सगळं एका क्षणात डोक्यात आलं. पण मी काही बेशुद्धीत नव्हतो. पूर्ण शुद्धीत होतो.

"हो," मी म्हटलं.

"नक्की?"

"साहेब, ती फळी मीच रंगवलीय."

रंगवली होती हे खरंच होतं. त्यांनी लिहून घेतलं. उजव्या हाताला पट्टी, म्हणून डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. चौथी पास माणूस मी, आणि अंगठा टेकवला.

हंड्यातलं पाणी

आठ दिवसांनी पारू गावाला जाऊन कपडे वगैरे घेऊन आली. मोसंबं सोलत बसली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "इनासाक कामावरसून काढल्यानी."

"कित्याक?" मी विचारलं, जसं काही मला ठाऊकच नाही.

"त्येणा फळी काढून खंय तरी फेकल्यान म्हणतत. आपली चूक लपवूक. गावात सगळे तेका शिव्या घालतत. चार पोरांचो बापूस तो. आरोंद्याक मामाकडे होडयेर कामाक गेलो."

मी तोंड भिंतीकडे केलं.

"खंयची फळी ओ?" ती म्हणाली. "आमच्या हंड्यार आसा ती?"

"गप बस."

"मी गप बसतंय. माका इचारूक कोण येवचो नाय. पण आज सकाळी पाणी ओतूक गेलंय, त्या हंड्यातला पाणी माझ्या घशाखाली उतरना नाय."

मी असा भडकलो की अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. "हात माझो कापतत, तुझो नाय! तुका इनासाचा पडला हा!" आणखी बरंच बोललो. लाज वाटते लिहायला. तिने मोसंबं वाटीत ठेवलं, वाटी माझ्या डाव्या हाताशी सरकवली आणि बाहेर जाऊन बसली.

त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. काम सगळं करायची. भरवायची, पुसायची, लघवीचं भांडं द्यायची. मी एक घास टाळला तर चमचा तसाच तोंडासमोर धरून बसायची. आजारी माणसाला वाटतं की आपलं दुखणं सगळ्यात मोठं, बाकी जगाने दम धरावा. मलाही वाटत होतं. पण बाजूला बसलेल्या बाईच्या मनात काय चाललंय ते दिसायला लागलं की ते मोठेपण टिकत नाही. सोसणाऱ्या माणसाच्या घरच्यांनी हे वाचलं तर एवढंच सांगतो, पेशंटवर रागवायला भिऊ नका. राग बरा, अबोला वाईट.

राहिलेला हात

काळं थांबलं. रेघेच्या अलीकडे, जेमतेम. चौदाव्या दिवशी मधली तीन बोटं काढली.

भूल उतरली तेव्हा मी आधी डाव्या हाताने चाचपलं. पट्टीखाली मनगट होतं, पंजा होता. मी ओक्साबोक्शी रडलो. तीन बोटं गेल्याचं रडू ते नव्हतं. पारूने त्या पट्टीवर कपाळ टेकलं आणि दोन दिवसांचा अबोला सोडून म्हणाली, "हात ऱ्हवलो." मग आम्ही दोघेही रडलो, आणि शेजारच्या खाटेवरचे पोटाच्या ऑपरेशनचे आजोबाही आमच्याबरोबर उगाच रडले.

त्या दिवशी मला वाटलं होतं की सगळं निस्तरलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॉलीची चाकं वाजली आणि मी तशीच चादर आवळली. आता कसली भीती? काळं थांबलेलं, रेघ पुसून गेलेली. तरी रोज साडेसातला मूठ आवळलेली. दार उघडलं की वाटायचं इनास आला. तो कधी आला नाही. आला असता तर काय करणार होतो देव जाणे.

आणखी एक झालं. दिव्याच्या बटणाला हात लावायची मला भीती वाटायला लागली. वॉर्डात माझ्या खाटेच्या वरच बटण. संध्याकाळी कोणी म्हणालं, "वायरमन, दिवा लावा," की मी झोपल्याचं सोंग घ्यायचो. सहा वर्षं विजेत हात घातलेला माणूस, आणि बटणाला घाबरतो! ही भीती पुढे वर्षभर होती. हळूहळू जाते. कोणी हसलं तर हसू द्यावं.

पाटी

वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर फार फटकळ. दीड महिना उलटला तशी एक दिवस त्यांनी माझ्या मांडीवर लहान मुलांची दगडी पाटी आणि पेन्सिल आणून आपटली. "उगाच छत बघत पडू नका. डाव्या हाताने गिरवा. रडायचं असेल तर गिरवता गिरवता रडा."

पहिल्या दिवशी माझं नाव पाटीवरून घसरत खाली चाललं होतं. डावा हात म्हणजे अडाणी गडी, सांगितलेलं त्याला कळतच नाही. पाठ दुखायची, घाम यायचा. पण छत बघण्यापेक्षा बरं. दहा-बारा दिवसांत अक्षरं ओळीत उभी राहायला लागली.

एका सकाळी मी काही न ठरवता लिहून बसलो: "फळी घरी होती." वाचलं आणि घाबरून बोटाला थुंकी लावून पुसून टाकलं. पारूने बघितलं. तिला वाचता येत नाही.

"काय लिवलात?"

"नाव."

"आपला नाव कोण असा पुसता?" ती म्हणाली आणि गरम पाणी आणायला गेली.

लोक विचारतील, तोंडाने सांगायचं होतंस. साहेबांना निरोप पाठवायचा, सिस्टरांकडून लिहून घ्यायचं. बरोबर आहे. पण बोलून सांगायची छाती नव्हती. दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं म्हणजे त्याच्या तोंडाकडे बघत ते उच्चारायचं. कागदाकडे बघून खोटं कबूल करणं सोपं, निदान तो परत बघत नाही.

कागद मिळवायला आणखी दोन दिवस घालवले. लिहायला एक अख्खी सकाळ गेली. चार ओळी: "मुख्य स्विचवर फळी लावलेली नव्हती. ती त्याआधी पाच महिने माझ्या घरी पाण्याच्या हंड्यावर होती, अजून आहे. इनासने खिळा बघूनच स्विच टाकला. मी साहेबांना खोटं सांगितलं." खाली डाव्या हाताची सही. अंगठा नाही.

घडी करून पारूला दिली. "टपालात टाक."

ती हलली नाही. "वाचून दाखवा."

बघा, ज्याला घाबरत होतो तेच. वाचलं. दुसऱ्या ओळीवर अडखळलो, पण तिने मदत केली नाही, नुसती उभी राहिली. वाचून झाल्यावर तिने कागद घेतला, पदराच्या टोकात बांधला. दारापर्यंत गेली आणि वळली.

"आता नोकरी जातली," ती म्हणाली.

"जातली."

"जावंदे. बघूया." मग म्हणाली, "हात दुखता?"

"दुखता."

"मगे बरा. दुखता ता जिता आसा म्हणतत ना डॉक्टर." आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा ती हसली.

नोकरी गेली. साहेबांचं पत्र आलं, त्यात शिवी सोडून सगळं होतं. इनासला परत बोलावलं. मला पुढे बर्फाच्या कारखान्यात दारावर बसायचं काम मिळालं, अजून तेच करतो. आत स्विचजवळ मी एक खिळा ठोकून घेतला आहे आणि मशिनीत हात घालणाऱ्याला आधी फळी लावायला सांगतो. दिवस असो, बंद असो, पाच मिनिटांचं काम असो. कोणी कटकट केली तर मी बोलत नाही, नुसता उजवा हात वर करतो.

खिळा

इस्पितळातून सुटून घरी आलो त्याला पंधरवडा झाला होता. रोज पारू हंड्यावरची ती फळी उचलून पाणी घ्यायची आणि परत ठेवायची.  शेवटी एक दिवस मी फळी काखेत मारली आणि पावर हाऊसला गेलो. वाटेत दोनदा थांबलो. आजाराने दम लागतो असं मी मनाला सांगितलं.

इनास चिंधीने हात पुसत बाहेर आला. उन्हाने रापला होता, होडीवरच्या कामाने खांदे रुंद झाले होते. मी फळी पुढे केली. 

त्याने ती घेतली, पालथी केली. मागच्या बाजूला पाण्याचा गोल वळ उठला होता.

"हंड्याचो वळ रे हो," तो म्हणाला. "जावचो नाय आता."

"तुका पत्र दाखवल्यानी?"

"पत्र मगे. मी पारूक हाडूक गेलंय मां, त्या दिसा. धावान घसो सुकललो. तिणा माका पाणी दिल्यान. ही फळी बाजूक करून दिल्यान."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. त्या दिवशी. मी ट्रकमध्येही चढलो नव्हतो तेव्हा. साहेब येण्याच्या आधी, माझ्या 'हो'च्या आधी. त्याला नुसतं साहेबांचा हात धरून माझ्या स्वयंपाकघरात न्यायचं होतं, एवढंच. नोकरी वाचली असती, नाव वाचलं असतं. हा माणूस त्याऐवजी आरोंद्याला होडी वल्हवायला गेला.

"मगे बोललंस कित्याक नाय?"

"तुझो हात ऱ्हवता काय तोडतत ता ठराक नाय होता. तेवां जावन मी काय सांगू? जग्याक कामावरसून काढा म्हणान?"

"आणि तेच्या मगे?"

"मगे वाट बघलंय. म्हटलंय, जग्या आपणान सांगतलो. आज नाय तर फाल्या." त्याने चिंधी खांद्यावर टाकली. "दोन म्हयने लावलंस रे."

मला माफी मागायची होती. रस्ताभर शब्द जुळवत आलो होतो, त्यातला एकही सापडेना.

त्याने फळी आत नेऊन दाराआड तिच्या जागी उभी केली. परत आला. माझा उजवा हात हातात घेतला, उलटा-सुलटा करून बघितला, उरलेली दोन बोटं हलवून बघितली.

"भरलो सगळो?"

"भरलो."

"आता दुखना नाय मां?"

"नाय."

"बरा," तो म्हणाला, आणि माझ्या कानाखाली अशी एक सणसणीत ठेवून दिली की मी पत्र्यावर जाऊन आदळलो.

तीन महिने मला सगळ्यांनी हलक्या हाताने धरलं होतं. उशा लावल्या, कुशीवर वळवलं, घास भरवले. गाल चोळत उभा राहिलो तर एकदम ध्यानात आलं की ह्याने मला मारलं ते मी धडधाकट झालो म्हणून. त्यासाठीच तर तो थांबला होता. मला हसू फुटलं, आणि डोळ्यांतून पाणी पण. त्याच्याही.

"बस थंय," इनास म्हणाला. "च्या टाकतंय."